दाताच्या इम्प्लांटभोवतीचं (जबड्यात बसवलेल्या स्क्रूभोवतीचं) हाड झिजलंय. डॉक्टर म्हणतात तुम्ही ब्रश नीट करत नाही. ग्राफ्टने (हाडाच्या भरावाने) भरून येतं, की इम्प्लांट काढावाच लागतो?

भरून येतं, पण खड्डा कसा पडलाय त्यावर आहे. एवढंच लिहून थांबलो असतो, पण 'डॉक्टर म्हणतात तुम्ही ब्रश नीट करत नाही' हे तुमचं वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं.

माझी खालची दाढ. इम्प्लांटला ३ वर्षं झालेली. दुखणं शून्य, फक्त ब्रश करताना रक्त आणि तोंडाला वास. ज्यांनी बसवला ते दर वेळी म्हणायचे, "काका, स्वच्छता कमी पडतेय." ५ दिवसांच्या गोळ्या, माउथवॉश. असे ३ कोर्स झाले. महिन्याभरात रक्त पुन्हा हजर. घरी बायकोला आयता विषय मिळाला. बेसिनपाशी उभी राहून मिनिटं मोजायची.

शेवटी हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे गेलो. त्यांनी खुणांची बारीक सळई घालून खोली मोजली, ७ मिमी. पू आला. एक्स-रेत इम्प्लांटचे वरचे आटे उघडे पडलेले. कॅप (इम्प्लांटवरचा दात) बसवली त्या दिवसाचा एक्स-रे मागितला, तो कुणी काढलाच नव्हता. हिरडी उघडली तर कॅपच्या कडेखाली सिमेंट! तांदळाच्या कणीएवढं. चिकटवताना बाहेर आलेलं, काढायचं राहिलेलं. सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहून म्हातारा झालो, आट्यात कण अडकला की काय होतं ते मला शिकवू नका. ३ वर्षं जंतू तिथे नांदले आणि उद्धार झाला माझ्या ब्रशचा.

तर तुमचं. खड्डा वाटीसारखा, भोवती हाडाच्या भिंती शाबूत असतील तर ग्राफ्ट धरतं. माझं बऱ्यापैकी भरलं, पूर्ण नाही. हाड सगळीकडून सपाट खाली गेलं असेल तर भराव टिकत नाही. मग हिरडी खाली घेतात, उघडे आटे घासून गुळगुळीत करतात. आटे साफ न करता वर ग्राफ्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आट्यांवरचा जंतूंचा थर नुसत्या गोळ्यांनी निघत नाही. इम्प्लांट हलत असेल तर काढाच. आणि पुढच्या वेळी स्क्रूने बसणारी कॅप मागा, सिमेंटने चिकटवलेली नको.

हां, एक राहिलं. तेव्हा माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.९ होतं आणि दिवसाला ४-५ सिगारेटी चालू होत्या. स्पेशालिस्टनी दोन्ही आटोक्यात आणल्याशिवाय ग्राफ्टला हात लावला नाही. तुम्हीही शुगर तपासून घ्या. हाड गेलं नसेल, नुसती हिरडी सुजली असेल, तर नीट सफाईवरही भागतं.

बायकोच्या मते खरं कारण सिगारेटच. मी ती सिमेंटची कणी काजूच्या डबीत जपून ठेवलीय, वाद निघाला की काढून दाखवतो.