पिस्टन बघितल्याशिवाय जोडी घेऊ नका

प्रश्न : काका, माझी २००३ची मारुती झेन पावसाळाभर पडवीला लागून उभी होती. दिवाळीत आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन आलो. परतीच्या उतारावर डाव्या पुढच्या चाकातून जळका वास यायला लागला, चाक इतकं तापलेलं की हात लावता येईना. गॅरेजवाला म्हणतो, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम आहे, दोन्ही बाजूंची रिकंडिशन (जुनी, दुरुस्त केलेली) जोडी टाकू. मला वाटतं, नव्या सीलचं किट आणून कॅलिपर घरीच उघडावा. स्कूटरचे पॅड मी स्वतः बदलतो. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चोर कॅलिपरच आहे हे आधी पक्कं करा. गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा. चाक जड झालं की कॅलिपरवरचं ब्लीडिंगचं निप्पल (तेल बाहेर सोडायचा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष. कॅलिपरला तेल नेणारा रबरी होज आतून फुगून बंद झालाय, नाहीतर पेडलने तेल दाबणारा मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाहीये. तरीही चाक घट्टच राहिलं, तर मात्र पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) किंवा स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) अडकलीय. होजसाठी कॅलिपरची जोडी बदलून आलेली गिऱ्हाइकं मी बघितली आहेत. आठवड्याने तोच वास घेऊन परत येतात.

हे काम घरी जमेल की नाही, तेही हेच निप्पल सांगतं. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत ते गंजून धरतं आणि ओपन पान्याने जोर लावला की कटकन तुटतं. म्हणून वरची तपासणी करण्याआधीच, कॅलिपर गाडीवर असताना, गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी सहा कोनांच्या सॉकेटने हलक्या हाताने सोडवा. तुटलं तर ड्रिल घेऊन बसू नका, गॅरेजवाल्याची जोडी घ्या.

सुटलं, तर पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसर शोधत फिरू नका. होज तसाच जोडलेला ठेवा. कॅलिपर तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या जागी लाकडाची फळी धरा आणि घरातल्या कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर डिस्कवर बसलेलाच असू द्या, म्हणजे तिकडचा पिस्टन हलत नाही, इकडचाच बाहेर येतो. हवेने पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. आमच्या एका पोऱ्याचं बोट त्यात चेचलं होतं.

आता पिस्टन उजेडात धरून नख फिरवा. तपकिरी डाग ब्रेक ऑइलच्या चिंधीने निघाला, तर पिस्टन चांगला आहे. नख अडकलं, क्रोमचा पापुद्रा उडालेला दिसला, की तो भंगारात. पॉलिश पेपरने घासून ‘चालतंय की’ म्हणणारे आमच्या धंद्यात खूप आहेत. क्रोम गेलं की पुढच्याच पावसाळ्यात तिथे गंज चढतो. कॅलिपरच्या बॉडीच्या आतल्या भिंतीवर थोडे खड्डे असले तरी मी घाबरत नाही, कारण तेल अडवणारं सील बॉडीच्या खाचेत बसतं आणि पिस्टनवर घासतं. ती खाच मात्र खरवडून लख्ख करा. तिथे गंज साचला की तो सीलला मागून ढकलतो आणि पिस्टन आवळला जातो.

हे चौकोनी काठाचं सील नुसतं तेल अडवत नाही. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर ते जरासं पिळतं आणि पेडल सोडलं की पिस्टनला केसभर मागे ओढतं. त्याला वेगळी स्प्रिंग नसते. सील कडक झालं की हे मागे येणं बंद होतं.

शिकाऊ असताना मी नवीन सील डिझेलमध्ये धुतलं होतं. उस्ताद जेवायला गेले होते. चौथ्या दिवशी गाडी दोरीला बांधून आली. सील फुगून पिस्टन असा धरला होता की हातोडीशिवाय सुटेना. तेव्हा पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यांतलं काही रबराला लावू नका. धुणं आणि ओलं करणं, दोन्ही ताज्या ब्रेक ऑइलनेच. स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीस लावा, तेही बेताने. होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीन घ्या.

पिस्टन चांगला असेल, तर काहीशे रुपयांच्या किटमध्ये काम होतं आणि आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. दोन्ही बाजूंचं करा. पिस्टन गेलेला असेल, तर नवीन तयार पिस्टन मिळतो का बघा; लेथवर साध्या लोखंडाचा बनवून घेऊ नका. नाहीच मिळाला, तर रिकंडिशन जोडी घ्या, पण वरच्या चकचकीत रंगावर जाऊ नका. पिस्टन नवीन घातलेत की जुनेच पॉलिश केलेत, हे तोंडावर विचारा आणि डस्ट बूटची (पिस्टनवर धूळ अडवणाऱ्या रबराची) कड उचलून दाखवायला लावा. दाखवत नसेल तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : मागच्या वर्षीची अर्धी उरलेली ब्रेक ऑइलची बाटली आहे. चालेल ना?
— तेच वाचक, पत्राच्या मागे

उत्तर : नाही. उघड्या बाटलीतलं तेल हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. आंबा उतरताना तेलाची वाफ झाली, तर पेडल तळाला जाईल. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉटचीच नवीन बाटली आणा. जुनी फेकताना बॉनेटवर सांडू देऊ नका, रंग उतरेल.