दर पाच तारखेचे दीड हजार

ताई, मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. पाचवी ते दहावी कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलो. गेली सहा वर्षं दर पाच तारखेला त्याच बोर्डिंगला दीड हजार रुपये पाठवतो. परवा बायकोनं ते फोनवर बघितलं. "पोरीच्या सायकलला पैसे नाहीत आणि तिकडं दान?" म्हणाली. तेव्हापासून अबोला आहे. मी काही दानशूर नाही. पहिल्या वर्षी वडिलांना फी भरता आली नव्हती, तरी मला कुणी ताटावरून उठवलं नाही, एवढंच. पैसे गेले की त्या रात्री शांत झोप लागते. म्हणजे हा स्वार्थच ना? बंद करू का?
– एक वाचक, उचगाव

दादा, बंद करू नका.

झोप लागते, तर लागू दे. त्यानं तिकडच्या ताटातली आमटी पातळ होत नाही. ताटावरून उठवलं नाही, ही तुमची ओळ मी तीनदा वाचली. देण्याचं याहून मोठं कारण कशाला हवं?

पण हे कारण तुम्ही मला लिहिलंत, बायकोला कधी सांगितलंत का? कोल्हापूरच्या बोर्डिंगांचीच एक जुनी गोष्ट सांगते. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ इतर समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. कुंभोजचे भाऊराव पाटील इथल्याच जैन बोर्डिंगात राहिले. पुढे साताऱ्यात त्यांच्या बोर्डिंगातलं धान्य संपलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ही गोष्ट घरी ऐकवू नका हं, भांडण वाढेल. लक्ष्मीबाई त्या पोरांचं जेवणखाण स्वतः बघत होत्या, एकेकाला नावानं ओळखत होत्या. तुमच्या बायकोला सहा वर्षांत एका अक्षरानं कळलं नाही, आणि कळलं ते फोनवरून. मला राग आला असता.

तिला हिशोबही सांगा. २०१९ च्या पुरात मी एका शाळेतल्या छावणीत मदतीला होते. आठ दिवसांत बिस्किटांचे पुडे आणि जुन्या साड्या खिडकीपर्यंत साचल्या. लोकांनी मनापासून दिलं होतं, पण दिवाळीनंतर तिकडं कुणी फिरकलं नाही. बोर्डिंगचा किराणा, सिलिंडर, लाइट बिल मात्र दर महिन्याला येतं. पाच तारखेला नक्की येणारे दीड हजार तिथल्या वहीत आधीच धरता येतात. एकदाच आलेल्या वीस हजारांचं तसं होत नाही.

पावती घेत चला. संस्थेला दानावरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर थोडी सवलतही मिळते. नव्या प्रणालीत मिळत नाही, हे बायकोला आधीच सांगून टाका. पुन्हा काही लपवलं असं नको.

एका रविवारी दोघींना घेऊन जेवणाच्या वेळी तिथं जा. तुम्ही पंगतीत कुठं बसायचात ते पोरीला दाखवा. मग रक्कम किती ठेवायची ते दोघांनी मिळून ठरवा.

आणि सायकल आधी घ्या. चार महिने हजारच पाठवलेत तरी चालेल, फक्त बोर्डिंगला तसं आधी फोन करून कळवा.