पॅक-१२ एका उन्हाळ्यात कशी फुटली, आणि कॉन्फरन्स नवं कॉलेज कोणत्या हिशेबाने घेते?

तुम्ही विचारलंय की लॉस एंजेलिसचं यूसीएलए थेट न्यू जर्सीच्या रटगर्सशी लीगचे सामने कसं काय खेळतं, पश्चिमेकडच्या कॉलेजांची शंभर वर्षांहून जुनी पॅक-१२ ही कॉन्फरन्स एवढ्या झटपट कशी मोडली, आणि नवा सदस्य घेताना या कॉन्फरन्स नेमकं बघतात तरी काय.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग नकाशावरून ठरतात. मुंबई, पुणे पश्चिम विभागात, विषय संपला. अमेरिकेतली कॉन्फरन्स तशी नसते. विद्यापीठांनी मिळून काढलेली ती संस्था असते, आणि सगळ्यांचे प्रक्षेपण हक्क एकगठ्ठा विकून आलेला पैसा वाटणं हे तिचं आजचं सर्वात मोठं काम आहे. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएएची (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था) पकड मोडून काढली, तिथून हा बाजार उभा राहिला. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. यातला बहुतेक पैसा त्याचाच.)

आता हिशेब. समजा दहा कॉलेजांच्या कॉन्फरन्सला वर्षाला ३० कोटी डॉलर मिळतात, म्हणजे प्रत्येकी ३ कोटी. अकरावं कॉलेज घेतल्यावर चॅनेल फक्त २ कोटी वाढवून द्यायला तयार आहे. ३२ कोटी भागिले ११ म्हणजे प्रत्येकी २ कोटी ९१ लाख. जुन्या प्रत्येकाच्या खिशातून दरवर्षी सुमारे ९ लाख गेले. कोणताही कुलगुरू याला हात वर करणार नाही. म्हणून नवं कॉलेज चांगलं आहे की नाही, हा प्रश्न इथे नंतर येतो. ते सरासरी वाट्यापेक्षा जास्त आणतं का, हा पहिला. आणत नसेल तर दोनच वाटा उरतात: चॅनेलशी केलेल्या करारातच तशी तरतूद हवी, नाहीतर नव्याने कमी वाट्यावर यायला हवं. २०२३ मध्ये या दोन्ही वाटा वापरल्या गेल्या.

पहिली वाट बिग १२ ने वापरली. तिची टेक्सस आणि ओक्लाहोमा ही दोन बडी विद्यापीठं एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सकडे निघाल्यावर, २०२१ मध्ये, ही कॉन्फरन्स संपली असंच सगळे धरून चालले होते. तिने बीवाययू, सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि यूसीएफ यांना घेतलं. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्वतःचा करार संपायला बराच अवकाश असताना, ईएसपीएन आणि फॉक्स या चॅनेलांशी नवा करार उरकला: सहा वर्षांचे २२८ कोटी डॉलर, म्हणजे बारा कॉलेजांना प्रत्येकी वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख. यातलं खरं शहाणपण एका कलमात होतं. दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समधून कोणी आलं, तर चॅनेल त्याच्यासाठी तेवढाच पूर्ण वाटा जादा देणार. त्यामुळे बिग १२ चं दार उघडं राहिलं आणि आतल्या कोणाचंही ताट कमी होणार नव्हतं. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत कॉन्फरन्सच्या राजकारणात लिहिलेलं हे सर्वात उपयोगी कलम आहे.

पॅक-१२ चा करार बिग १२ च्याही आधी, २०२४ मध्ये संपत होता. तरी ती मागे राहिली. चुका एकीवर एक झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये, बिग १२ घायाळ असताना, तिने विस्तार करायचा नाही असं जाहीर केलं. त्याच आठवड्यात बिग टेन आणि एसीसी या दोन मोठ्या कॉन्फरन्सबरोबर 'अलायन्स' (आघाडी) जाहीर झाली. त्यात सही केलेला कागद नव्हता, शब्द होता. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, त्याच बिग टेनने पॅक-१२ मधली लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, उचलली. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर मागे उरलेल्या मालाची किंमतच पडली. वर ईएसपीएन आणि फॉक्सचे पैसे आणि वेळा तोवर बिग टेन व बिग १२ मध्ये गुंतल्या होत्या.

वेळेचा मुद्दा बाहेरून लक्षात येत नाही. लॉस एंजेलिसला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्री साडेदहाला सुरू होतो. तिथे मध्यांतर येईपर्यंत मध्यरात्र झालेली असते. अमेरिकेची निम्मी लोकसंख्या पूर्वेच्या वेळेवर जगते, ती तेव्हा झोपलेली असते. चॅनेलला त्या उशिराच्या वेळेसाठी सामने हवे असतात, पण थोडे, आणि स्वस्तात. शिवाय २०१२ मध्ये काढलेलं पॅक-१२ चं स्वतःचं चॅनेल डायरेक्टीव्ही या मोठ्या उपग्रह टीव्ही सेवेवर कधीच पोहोचलं नाही. बिग टेनने आपल्या चॅनेलमध्ये फॉक्सला भागीदार घेतलं होतं आणि केबल कंपन्यांशी भांडायला तोच भागीदार कामी आला. पॅक-१२ ने शंभर टक्के मालकी ठेवली आणि भांडणही एकट्यानेच केलं.

तरीही सदस्यांना बांधून ठेवता आलं असतं, पण बांधणारा दोर २०२४ मध्येच संपत होता. त्याला 'ग्रँट ऑफ राइट्स' म्हणतात: कॉलेज आपल्या घरच्या सामन्यांचे हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करतं. मग ते सोडून गेलं तरी हक्क मागेच राहतात, आणि हक्कांशिवाय आलेलं कॉलेज कोणाला नको असतं. पॅक-१२ मध्ये त्याची मुदत प्रक्षेपण कराराबरोबरच संपत होती आणि वेगळी एक्झिट फीही नव्हती. तुलना करा: टेक्सस आणि ओक्लाहोमाला बिग १२ मधून फक्त एक वर्ष लवकर निघायला मिळून १० कोटी डॉलर पडले. कोलोरॅडो जुलै २०२३ च्या शेवटी पॅक-१२ मधून निघालं ते दमडीही न भरता.

मग ४ ऑगस्ट २०२३. काही दिवस आधी पॅक-१२ च्या सदस्यांसमोर प्रक्षेपणासाठी ॲपलचा प्रस्ताव आला होता, ज्यात कमाई किती ग्राहक वर्गणी भरतात यावर अवलंबून होती. त्या एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. ओरेगन आणि वॉशिंग्टनने दुसरी वाट पत्करली: जुन्यांच्या साधारण निम्मा वाटा, सुरुवातीला सुमारे ३ कोटी. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांनी पॅक-१२ मधून एसीसीमध्ये जाताना सात वर्षं ३० टक्केच घेण्याचं मान्य केलं. डॅलसचं एसएमयू तर नऊ वर्षं प्रक्षेपणाचा एक डॉलरही न घेता आलं. ती तूट भरून काढतील एवढे श्रीमंत देणगीदार त्यांच्याकडे आहेत. एसीसीत १५ पैकी १२ मतं लागत होती. विरोधातल्या चारांपैकी नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मत बदललं तेव्हा कुठे १२-३ ने ठराव झाला.

या व्यवहारात पहिलं बोलणं कागदावर येत नाही. चॅनेल 'त्यांना घ्या' असं उघड म्हणत नाही, कारण दुसऱ्याच्या करारात ढवळाढवळ केल्याचा दावा अंगावर येऊ शकतो. जुलै २०२१ मध्ये बिग १२ ने ईएसपीएनला तशी नोटीस धाडली होती. म्हणून कॉलेज स्वतः 'अर्ज' करतं आणि कॉन्फरन्स तो 'स्वीकारते'. सरकारी विद्यापीठाला वर नियामक मंडळही असतं. यूसीएलए आणि कॅल एकाच मंडळाखाली आहेत, आणि त्या मंडळाने यूसीएलएने कॅलला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं.

कॉलेजची किंमत मोजायची पद्धतही बदलली आहे. २०१२ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि रटगर्सना निवडलं ते वॉशिंग्टन डीसी आणि न्यूयॉर्क परिसरातल्या केबलच्या घरांसाठी. सामना कोणी बघो न बघो, घरामागे महिन्याला पैसे मिळायचे. आता केबल सुटत चालली आहे, म्हणून प्रत्यक्ष किती लोक बघतात हेच मोजलं जातं.

मला सगळ्यात खटकतो तो प्रवास. फुटबॉल संघाला लीगचे नऊ सामने, त्यातले चार-पाच परगावी, तेही बहुतेक शनिवारी, चार्टर विमानाने. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉलच्या मुली मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशीही प्रवास करतात, तीन तासांचा वेळेचा फरक झेलतात आणि सकाळी वर्गात किंवा परीक्षेला बसतात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी जवळपास ३,९०० किलोमीटर आहे. स्टॅनफर्डमध्ये ३६ खेळांचे संघ आहेत. प्रक्षेपणाच्या पैशाचं कारण त्यातल्या एक-दोन खेळांनाच लागू पडतं. बाकीच्यांना जवळच्या कॉन्फरन्समध्ये ठेवून फक्त फुटबॉल वेगळं काढणं शक्य आहे, आणि ते व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

मागे उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कोर्टाने पॅक-१२ चा ताबा त्यांना दिला, कारण सोडून जायची सूचना दिलेल्यांचा मंडळावरचा हक्क उपविधीनुसार संपत होता. फुटबॉलच्या वरच्या गटात राहायला किमान आठ संघ लागतात आणि ते जमवायला दोन वर्षांची सवलत मिळते. त्यांनी बॉईसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि शेवटी टेक्सस स्टेट घेऊन आठ भरवले. बास्केटबॉलसाठी गॉन्झागा. नव्या रचनेची तारीख १ जुलै २०२६.

पुढची हालचाल कुठे होईल हे बघायचं तर एसीसीवर लक्ष ठेवा. तिचे हक्क २०३६ पर्यंत बांधलेले होते. तिचेच सदस्य फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: आता एक्झिट फी भरली की हक्कही परत मिळतात. ती फी १६ कोटी ५० लाखांपासून दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी उतरत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटींवर येते. बिग टेन आणि बिग १२ चे सध्याचे करारही त्याच सुमारास संपतात.