फोडणीआधीची वाटी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. नाताळापासून संक्रांतीपर्यंत घरी येतेयस, सोबत कुत्र्याचं पिल्लू आणि मांजर, आणि या वेळी स्वयंपाकघर तू ताब्यात घेऊन आईला बसून जेवायला घालणार आहेस. बेत झकास आहे. तू विचारलंस की या दोघांसाठी रोज वेगळं काय शिजवायचं. माझं उत्तर असं, की वेगळं काही शिजवत बसू नकोस. घरासाठी जे शिजतंय त्यातलंच थोडं, मीठ-तिखट, कांदा-लसूण पडायच्या आधी, एका वाटीत बाजूला काढ. फोडणीआधीची वाटी. एवढी सवय हाताला लागली तर पुढचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल. तरी वाच. माझ्यासारख्या निवृत्त जनावरांच्या डॉक्टरकाकाला लिहायला भरपूर वेळ असतो.

आता तू येतेयस कुठे ते बघ. निफाड तालुका. एकीकडे लासलगावचा कांदा, दुसरीकडे द्राक्षबागा. ज्या दोन पिकांवर अख्खा तालुका जगतो, नेमकी तीच दोन कुत्र्याला वर्ज्य. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुझ्या पिल्लाने कांदा पाहिला असेल तो टोपलीतले चार. इथे ते कांद्याच्या चाळीत नाक खुपसेल आणि बागेत मोकळं फिरेल.

आधी कांदा. कांदा, लसूण, पात, सगळं एकाच कुळातलं. त्यातली गंधकाची द्रव्यं कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, तळलेला असो, सुटका नाही. वाळवून पूड केली की तो उलट जास्तच एकवटतो, म्हणून कांदा-लसूण मसाला हा सगळ्यांत वाईट. मांजर याबाबतीत कुत्र्यापेक्षा नाजूक. चार किलोच्या मांजराला वीसेक ग्रॅम कांदाही बाधू शकतो, म्हणजे मोठ्या कांद्याची एक जाडसर फोड. यातली फसवी गोष्ट ही, की त्या दिवशी सहसा काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तांबूस येते. तोवर रश्श्याचं पातेलं कुणी चाटायला दिलं होतं ते घरात कुणालाही आठवत नाही. दवाखान्यात माझा निम्मा वेळ औषध देण्यात जायचा आणि निम्मा घरच्यांकडून हे काढून घेण्यात.

द्राक्षांच्या बाबतीत तुझा वाद होणार आहे, तोही वडिलांशी. ते म्हणतील, "आपला राखणीचा कुत्रा जन्मभर बागेतले पडलेले मणी खातोय, त्याला काय झालं?" ते खरंच सांगतायत. एखाद्या कुत्र्याला पसाभर द्राक्षं पचतात आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं मूठभर मण्यांनी बंद पडतात. आम्हा डॉक्टरांनाही बरीच वर्षं याचा हिशेब लागत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी केलेलं खेळायचं पीठ खाऊन एक कुत्रा आजारी पडला होता, त्या पिठात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार होता, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षबाधेची. द्राक्षात हे आम्ल जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं, त्यामुळे एकाला बाधतं आणि दुसऱ्याला नाही, हे कोडंही बऱ्यापैकी उलगडलं. आपल्या घरांसाठी यातली खरी बातमी पुढे आहे: चिंचेत हेच आम्ल भरपूर असतं. तेव्हा चिंचगुळाची आमटी, चिंचेचं सार, भेळेची चटणी, यातलं काही पिल्लाच्या भांड्यात जाता कामा नये. वडिलांशी वाद घालू नकोस. राखणीच्या कुत्र्याचं त्यांचं ते बघतील. तुझं पिल्लू बागेत न्यायचं तेव्हा दोरीनेच ने. फवारणीच्या पिंपापासूनही ते लांब राहील, हा त्यातला दुसरा फायदा.

बेदाणा म्हणजे वाळलेलं द्राक्ष, तेव्हा तो कमी वजनात जास्त घातक. इथे डिंकाच्या लाडवांचा प्रश्न येतो. तुमच्याकडे त्यात बेदाणे घालतात का ते विचारून घे. घालत नसतील तरी खारीक, खोबरं, गूळ आणि जायफळ यांना धरून ठेवणारं तूप थोडंथोडकं नसतं. सवय नसलेल्या कुत्र्याने एकदम एवढं तूप खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येते, उलट्या थांबत नाहीत. लाडू वळताना परात जमिनीवर ठेवून बसायची आपल्याकडची पद्धत या वर्षी सोडा, ओट्यावर वळा. पुण्याहून नाताळचा केक आणशीलच. त्यात रममध्ये भिजवलेले बेदाणे, वर चॉकलेट. पिल्लाच्या दृष्टीने एका तुकड्यात तीन विषं. तो कपाटात. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये बऱ्याचदा झायलिटॉल नावाचं गोडीचं द्रव्य असतं, त्याने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासातसुद्धा धाडकन खाली येऊ शकते, तेव्हा पर्सही खुंटीवर.

घाबरवणं पुरे. भोगीचा बेत बोलू, तुझी खरी परीक्षा तिथे आहे.

न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणतात, आणि त्या दिवशीच्या ताटाला खरंच तोड नाही. मुगाच्या डाळीची खिचडी, मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. सकाळी गाजर, वांगी, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, बोरं, उसाची करवं असं सगळं निवडायला बसशील तेव्हाच दोन गोष्टी कर. गाजराचे चार तुकडे कच्चेच बाजूला टाक, पिल्लू ते दिवसभर आनंदाने चघळेल. आणि बोरं झाकून ठेव. बोराचा गर चालतो, पण पिल्लू गर आणि बी असा भेद करत नाही, आणि आठळी आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय निघत नाही. मग खिचडीचे डाळ-तांदूळ नुसत्या पाण्यात मऊ शिजव. हळद चालेल, मीठ नको. शिजली की आधी ती वाटी भर. त्यानंतर दुसऱ्या पातेल्यात तूप, जिरं, लसूण, मिरची, हवी तेवढी खमंग फोडणी करून त्यात खिचडी घाल. चिकनच्या दिवशीही हेच. कोंबडी नुसत्या हळदपाण्यात एक उकळी येऊन शिजू दे, चार तुकडे काढ, निववून हाडं सोडव, आणि मग बाकीच्यात मीठ, आलं-लसूण, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. रस्सा काडीचाही बिघडत नाही. शिजलेलं हाड मात्र कितीही गयावया केली तरी द्यायचं नाही. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, त्याच्या चिरफळ्या निघतात. ३१ डिसेंबरला घरी पाहुणे येतील, तेव्हा ताटं उचलायचं काम तूच घे. पाहुण्यांच्या दयेवर माझा अजिबात विश्वास नाही.

भाकरी पहिल्या दिवशी फाटणार, हे धरूनच चाल. बाजरीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो मळून आणावा लागतो. दळण आठवड्याच्या वर ठेवू नकोस, बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. पाणी गरम, बोटाला सोसेल इतपत. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घे आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळ, कडेला चिरा पडायच्या थांबेपर्यंत. परातीत थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे. त्यावर लगेच पाण्याचा हात फिरव, ते पाणी सुकत आलं की उलट, आणि मग खालची बाजू पुरती भाजेपर्यंत तिला डिवचू नकोस. नवशिके इथेच घाई करतात आणि भाकरी फुगत नाही म्हणून पिठाला नावं ठेवतात. फाटलेल्या भाकरीचा कोरका पिल्लाला दे, त्याला कुठे गोल हवी असते!

पण भाकरी-दुधावर पिल्लू वाढवायचा सल्ला शेजारून हमखास येईल. तो ऐकू नकोस. आपली गावची कुत्री भाकरीवर जगली, खरंय, पण ती उकिरडा, उंदीर, खाटकाकडची हाडं असं बरंच काही वरून खात होती, ते कुणी मोजलं नाही. वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही नीट प्रमाणात लागतात, नुसत्या चिकन-भातातही कॅल्शियम फार कमी पडतं. म्हणून पुण्यात देतेस ते पिल्लांचं खाणंच इथेही मुख्य ठेव, जेवणाच्या वेळाही त्याच ठेव. वाटीतलं हे दहा टक्क्यांच्या आतलं कौतुक.

मांजराला तर भाकरी-दूध अजिबात पुरत नाही. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते फक्त मांस-मासळीत मिळतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी सिद्ध केलं. त्याआधी हा आजार विकतचं खाणं खाणाऱ्या मांजरांतही सर्रास दिसायचा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूधही नीट पचत नाही. आणि आईला एक गंमत सांग: मांजराला गोड चवच कळत नाही, त्याच्या जिभेवर ती ओळखायची सोयच नाही. गाजरहलव्याभोवती ते घोटाळतं ते सायीसाठी.

आता थंडी. निफाडचा पारा पाच-सहावर येतो, बागायतदार द्राक्षं वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि तुझी जोडी पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. शहाबादी फरशीवर नुसती चादर टाकून भागणार नाही. खाली दुहेरी गोणपाट, वर जुनी गोधडी, आणि जागा भिंतीच्या आतल्या अंगाला. मागच्या पडवीतली चूल भोगीला पेटवाल. सरपण घालण्याआधी आत हात घालून बघ, आदल्या रात्रीच्या उबदार राखेत मांजर मुटकुळं करून झोपलेलं असतं. वडिलांची गाडी सकाळी निघताना बॉनेटवर दोन थापा मारायच्या, त्याचं कारणही तेच.

मांजराला पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेव, त्याच्या शी-शूच्या ट्रेसकट. घर कळलं की ते आपणहून बाहेर येईल. पिल्लू आणि राखणीचा कुत्रा यांची पहिली भेट दाराबाहेर, दोघांच्या गळ्यात दोरी घालून, आणि जेवणाची भांडी कायम लांब. लसी पूर्ण झाल्यात ना, कार्ड सोबत घे. चावाचावी झालीच आणि तुम्हा कुणाला दात लागला, तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि थेट दवाखाना. हळद-चुना काही नको.

संक्रांतीला शेजारचा येवला पतंगांनी वेडा होतो आणि ते लोण तुमच्याकडेही येतं. नायलॉन मांजावर हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी कुठून तरी तो येतोच. पक्ष्यांचं तुला माहीत आहे. मांजराचं फारसं कुणाला माहीत नसतं. त्याच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. साधा सुती दोराही मग आतड्याला चुण्या घालत आत कापत जातो. अंगणात, गच्चीवर पडलेला प्रत्येक तुकडा गोळा कर. आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं.

काही भलतं खाल्लंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नकोस. मिठाच्या त्या मात्रेनेच जनावरं दगावतात. काय खाल्लं, किती, किती वाजता, एवढं कागदावर लिही आणि फोन कर. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि नाशिकच्या एखाद्या खासगी डॉक्टरांचा नंबर निघण्याआधीच घेऊन ठेव. आपल्याकडची आणीबाणी रविवार बघून येते.

पोचलीस की आधी पिल्लाचं वजन कर. त्याला उचलून काट्यावर उभी राहा, मग तुझं एकटीचं वजन त्यातून वजा कर. आकडा कळव, म्हणजे जंताच्या औषधाची मात्रा सांगतो. आणि आईला म्हणावं, लाडवांचा डबा पाठवायचा झाल्यास यंदा माझ्या वाट्याचे बिनबेदाण्याचे चालतील, आमच्याकडेही एक खादाड म्हातारा कुत्रा आहे.

तुझा,
डॉक्टरकाका