पुढचे दात गेल्यावर बोलणे का बदलते?

प्रश्न : हिरड्यांच्या आजारामुळे माझ्या आईचे वरचे पुढचे चार दात दोन महिन्यांपूर्वी काढावे लागले. तेव्हापासून तिचे ‘स’ आणि ‘त’ स्पष्ट येत नाहीत, आणि समोरच्याने दोनदा विचारले की ती बोलणेच सोडून देते. कवळी बसवल्यावर तिचे बोलणे पूर्ववत होईल का?

उत्तर : बहुतांशी होईल, मात्र कवळी बसवली त्याच दिवशी नव्हे. ‘त’ किंवा ‘द’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांना मागून टेकते. ‘स’ म्हणताना जिभेवरून निघालेला हवेचा बारीक झोत दातांच्या कडांवर आदळतो आणि त्यातून तो ध्वनी उमटतो. दातच नसले की जिभेला आधार उरत नाही, झोत फाकतो, आणि ‘स’ कधी ‘श’सारखा, तर कधी शिट्टीसारखा ऐकू येतो. ‘व’ आणि ‘फोन’मधला ‘फ’ यांसाठी खालचा ओठ वरच्या दातांना लागावा लागतो, त्यामुळे तेही बिघडतात. ‘क’, ‘ग’, ‘प’, ‘म’ यांना दातांची फारशी गरज नसते. दाढा गेल्या तर चावण्याचे हाल होतात, उच्चारांचे त्या मानाने कमी.

कवळी पक्की होण्यापूर्वी दात मेणात बसवून दाखवतात. त्या वेळी बहुतेक जण आरशात पाहून समाधान मानतात. माझा आग्रह असा, की आईंनी तेव्हा डॉक्टरांसमोर मोठ्याने बोलावे. एकसष्टपासून सदुसष्टपर्यंतचे आकडे म्हटले तरी ‘स’ची चांगली परीक्षा होते, आणि ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागते का, हेही कळते. मेणातले दात सहज पुढेमागे सरकवता येतात. कवळी तयार झाल्यावर तेवढी मोकळीक राहत नाही.

नवी कवळी घातल्यावर सुरुवातीला लाळ जास्त सुटते आणि जीभ अडखळते. रोज थोडा वेळ सावकाश, मोठ्याने वाचन केल्यास काही आठवड्यांत जिभेला नवी जागा सवयीची होते. आई बोलणेच टाळतात, याची मला उच्चारांपेक्षा अधिक काळजी वाटते. तेव्हा शब्द कळला नाही तर त्यांच्या तोंडाकडे पाहून शांतपणे ऐकावे, त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. बोलताना कवळी हलत असेल किंवा दातांवर दात आपटून टकटक होत असेल, तर ती घरी घासू नका, दंतवैद्यांकडून दुरुस्त करून घ्या.