मुंबईचं इंजेक्शन आणि गावचे डॉक्टर

प्रश्न : डॉक्टर ताई, बाबा ६४ वर्षांचे, देवगडला आमची आंब्याची कलमं आहेत. लघवीतून रक्त गेलं म्हणून तपासलं तर किडनीचा कॅन्सर निघाला, फुफ्फुसातही गाठी आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबचं इंजेक्शन आणि रोज ॲक्सिटिनिबची गोळी सांगितलीय. घरचे म्हणतात आधी किडनी काढा. आणि नुसत्या गोळ्यांवर नाही का भागणार? दर वेळी कणकवलीहून गाडी पकडून मुंबई कशी झेपायची?

उत्तर : अगं, आधी किडनी काढायचीच हा जुना शिरस्ता झाला. २०१८ च्या कार्मेना अभ्यासात असे पसरलेल्या आजाराचे, मध्यम ते जास्त धोक्यातले पेशंट होते, त्यात नुसती सुनिटिनिब ही कॅन्सरची गोळी घेणारे ऑपरेशन करून मग गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी जगले नाहीत. काही जणांना ऑपरेशन लागतं, पण बाबांना ते का नको हे मुंबईच्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचार.

२०१९ मध्ये या इंजेक्शन-गोळीच्या जोडीनं सुनिटिनिबपेक्षा जास्त आयुष्य दिल्याचं समोर आलं म्हणून ती सुचवलीय, पण खर्च मोठा आहे, तेव्हा कलमं विकायचा विचार करण्याआधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेट. नाहीच जमलं तर नुसत्या सुनिटिनिब किंवा पॅझोपॅनिबच्या गोळ्या हेही खरे उपचार आहेत, बाबांना कमी काही दिलं असं मनात आणू नकोस. पेम्ब्रोलिझुमॅबच्या इंजेक्शनचा दुप्पट डोस सहा आठवड्यांनी देता येतो, तो चालेल का विचार, निम्म्या फेऱ्या वाचतील.

मला खरी काळजी वाटते ती दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांची. या इंजेक्शननं शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि कधीकधी आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर, लिव्हरवर, थायरॉइडवर उठते, तेही काही महिन्यांनी, कधी तर औषध बंद केल्यावरसुद्धा. मग जुलाब लागले की गावात पोट बिघडलं म्हणून नेहमीची गोळी देतात, धाप लागली की अँटिबायोटिक, आणि तेवढ्यात वेळ जातो, जेव्हा लागत असतं ते वेळेवर स्टेरॉइड. जुलाब ॲक्सिटिनिबनंही होतात, म्हणून कशामुळे झाले हे घरी ठरवू नका, त्याच दिवशी मुंबईला फोन करा. त्या गोळीनं बीपीही चढतं, तर मशीन घ्या आणि रोज वहीत लिहा.

पहिल्या डोसच्या आधी मुंबईच्या डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी घे, ती तुमच्या देवगडच्या डॉक्टरांना स्वतः नेऊन दे, आणि एक झेरॉक्स बाबांच्या खिशात ठेव.