वाचकांचे प्रश्न : समुद्रघोड्याच्या पिल्लांना बापाचा खुराक किती लागू पडतो?

प्रश्न : आमच्याकडे दोन गाई आणि एक म्हैस आहे. जनावराला शेवटचे दोन महिने लागले, की आम्ही ते आटवतो आणि त्याची सरकीची ढेप वाढवतो; त्या काळातल्या खाण्यावर वासराचा बांधा ठरतो, असे वडील सांगत आले आहेत. मुलीच्या अभ्यासात असे वाचले, की समुद्रघोड्याचा नर पिल्ले पोटात वाढवतो. तेथे अंडी मादीची आणि पोट नराचे. मग पिल्लांसाठी खाणे कोणाचे महत्त्वाचे, आणि ते कोणत्या काळातले? त्यावरून वळूच्या खाण्याबद्दल काही सांगता येते का? – एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. वासराच्या जन्माच्या वेळच्या वजनाचा मोठा भाग गाभणकाळाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच भरतो. ‘कोणत्या काळातले खाणे’ हे आपण मुद्दाम विचारलेत याचा आनंद वाटला, कारण समुद्रघोड्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच आहे.

मादी आपली अंडी नराच्या शेपटीच्या पुढच्या बाजूला असलेल्या पिशवीत सोडते आणि तेथेच ती फलित होतात. प्रत्येक अंड्यात मादीने भरलेला बलक असतो आणि गर्भाचे मुख्य अन्न तेच असते. त्यामुळे अंडी तयार होत असताना मादीला सकस खाणे मिळाले नाही, तर त्याची झळ पिल्लांना लागते. या कारणाने नराची पिशवी म्हणजे केवळ सुरक्षित जागा, असे पुष्कळ काळ मानले गेले. प्रत्यक्षात अंडी आत आल्यावर पिशवीचे तोंड बंद होते, आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि प्रत्येक अंडे त्या मऊ अस्तरात रुतून बसते. नर त्यांना प्राणवायू पुरवतो, पिशवीतल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण सांभाळतो आणि प्रसूती जवळ येते तसे ते बाहेरच्या समुद्राच्या पाण्याशी जुळवत नेतो.

तो अन्नही देतो का, हे तपासण्याची रीत साधी आहे. गर्भ फक्त बलकावर जगत असेल, तर जगण्यासाठी लागणारी ऊर्जा त्यातूनच खर्च होते आणि म्हणून जन्मलेल्या पिल्लाचे कोरडे वजन (पाण्याचा अंश वगळून उरणारे) अंड्याच्या कोरड्या वजनापेक्षा बरेच कमी भरले पाहिजे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील मोठ्या पोटाच्या समुद्रघोड्यावर सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी अपेक्षित घट दिसली नाही. याचा अर्थ बापाच्या शरीरातून पिल्लांना पोषण मिळते, आणि त्यात स्निग्ध पदार्थांचा वाटा आहे.

आता काळाचा प्रश्न. लांब तोंडाच्या समुद्रघोड्यावरचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या जातीत गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांची असते. संशोधकांनी नरांना गर्भधारणेच्या आधी आणि गर्भधारणेदरम्यान, ठरावीक टप्प्यांवर, बहुअसंतृप्त स्निग्धाम्लांची (स्निग्ध पदार्थांतील एका प्रकारच्या घटकांची) कमतरता असलेले खाणे दिले. मेंदू आणि डोळ्यांच्या जडणघडणीला ही स्निग्धाम्ले लागतात, आणि समुद्रातल्या माशांना ती बहुतांशी खाण्यातूनच मिळवावी लागतात. निकृष्ट खाणे गर्भधारणेच्या अगदी आधीच्या दिवसांत मिळाले, तेव्हा पिल्ले आकाराने लहान जन्मली. तेच खाणे गर्भधारणेच्या शेवटी मिळाले, तेव्हा पिल्लांच्या शरीरातील स्निग्धाम्लांचे प्रमाण बदलले. बलक आईचा असूनही बापाच्या खाण्याचा एवढा परिणाम व्हावा, आणि एकाच उणिवेची दोन वेगळ्या वेळी दोन वेगळी फळे दिसावीत, हा मला या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. माणसांतही असेच दिसले आहे : नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या दुष्काळात ज्या माता गरोदर होत्या, त्यांच्या मुलांवर झालेले परिणाम दुष्काळ गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यांत आला यावर अवलंबून होते.

समुद्रघोड्याला पोट, म्हणजे जठर, नसते. अन्न आतड्यातून झटपट पुढे सरकते आणि त्याला दिवसभर बारीक कोळंबीसारखे जीव टिपत राहावे लागते. त्यामुळे साठवणीवर फार दिवस काढणे त्याला कठीण जाते. कृत्रिम पैदाशीत त्याला बहुधा आर्टेमिया नावाचा सूक्ष्म जीव खायला देतात, पण त्यात ही आवश्यक स्निग्धाम्ले फार थोडी असतात, म्हणून तो आधी तेलयुक्त पूरक अन्नावर पोसून घेतात. पैदास करणारे ही काळजी मादीइतकीच नराचीही घेतील, तर ते योग्य होईल.

मात्र बाप सदैव देणाराच असतो, असेही नाही. समुद्रघोड्याच्या कुळातल्या पाइपफिश या माशावर स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नराने पिशवीतल्या गर्भांतील पोषकद्रव्ये स्वतःच्या शरीरात शोषून घेतल्याचे आढळले.

वळूबद्दल : वळू पिल्लू पोटात वाढवत नाही, त्यामुळे समुद्रघोड्याचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण वळूच्या शुक्रपेशी तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, म्हणून त्याच्या खाण्याकडे रेतनाच्या दोन महिने आधीपासून लक्ष हवे. उंदरांत तर कमी प्रथिनांवर वाढवलेल्या नरांच्या पिल्लांमध्ये यकृतातील स्निग्ध पदार्थांशी संबंधित जनुकांचे काम बदललेले २०१० मध्ये दिसले आहे. आपण कृत्रिम रेतन करून घेत असाल, तर वळूचा खुराक आपल्या हाती नसतो. गाईचा असतो, आणि तो आपण योग्य वेळी देत आहात.

प्रश्न : उकाई धरणाच्या फुगवट्यात आम्हाला चिलापी (तिलापिया मासा) मिळते. तिची मादी अंडी तोंडात धरते म्हणतात. मग तेवढे दिवस ती खाते कशी? – एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ती त्या दिवसांत जवळजवळ काहीच खात नाही. पिल्ले अंड्यातल्या बलकावर वाढतात आणि मादी आपल्या शरीरातल्या साठ्यावर दिवस काढते. समुद्रघोड्याच्या नराप्रमाणे शेवटच्या टप्प्यावर खाऊन पिल्लांना काही पोहोचवण्याची सोय तिला नाही. म्हणून तळ्यात चिलापी पाळणाऱ्यांनी मादीला चांगले खाद्य द्यायचे ते अंडी पडण्याच्या आधीच्या आठवड्यांत. अंडी तोंडात आल्यावर टाकलेले खाद्य तिच्या उपयोगी पडत नाही आणि पाणी मात्र खराब करते.